पेल्यामागे वाटी

आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामरती फाटकाशी येऊन उभी राहिली. एका हातात दुधानं काठोकाठ भरलेला पितळी पेला, कडेवर नातू.

"बहनजी तो गईं," ती म्हणाली. "अब कौन पिएगा?"

व्हरांड्यात बसलेल्या बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

तिकडे उत्तरेत, विकास नगरातल्या आमच्या घरामागे रामरतीच्या म्हशींचा गोठा आहे. वसाहतीच्या आधीपासूनचा, असं ती सांगते. आई मुलींच्या इंटर कॉलेजात गृहविज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रामरतीचा हा नातू, बंसी, दिसू लागला. दोन वर्षांचा झाला तरी भिंत धरून उभा राहणारा, गुबगुबीत, आणि दिवसभर गव्हाणीची माती चाटणारा.

"माटी तो कन्हैया ने भी खाई थी," रामरती हसत म्हणाली.

"तो जसोदा ने मुँह खोलकर देखा भी था," आई म्हणाली. "तुम भी देखो."

हिरड्या पांढऱ्या होत्या. तळहात, पापणीची आतली बाजू, सगळं तसंच. रामरतीच्या घरात सगळे सावळे. हा एकटा गोरा निघाला म्हणून तिला कोण अभिमान. दृष्ट लागू नये म्हणून रोज त्याच्या गालावर काजळाची तीट. पोर गोरं नाही, त्याच्या रक्तात लोह नाही, हे ऐकल्यावर तिनं आईशी बोलणंच टाकलं.

पुढे बोलणं सुरू झालं, पण ऐकणं नाही. दारात म्हशी असताना पोराला डाळ भरवायची, ही तिच्या लेखी लाजेची गोष्ट होती. डाळ-रोटी मजुरांच्या पोरांनी खावी. अहिराचं, म्हणजे गवळ्याचं, पोर तिसरं वर्ष सरेपर्यंत दुधावरच वाढतं. तिची पोरं तशीच वाढली होती. जी वाढली नाहीत, त्यांना नजर लागली होती.

आईनं दवाखान्यातून लोहाचं औषध आणून दिलं. ते कडू लागू नये म्हणून रामरतीनं दुधात कालवून पाजलं. दुधातून दिलं की ते अंगी लागत नाही, असं आई सांगत राहिली.

"दूध किसी का हक़ नहीं मारता, बहनजी," रामरती म्हणाली.

मग आईच्या पोटात गाठ निघाली. बातमी गोठ्यापर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवसापासून रामरती रोज पेला घेऊन येऊ लागली. आईला दुधाचा वास जन्मात सहन झाला नव्हता. चहासुद्धा ती कोरा घ्यायची. काही दिवस ती नको म्हणत राहिली. मग एकदा म्हणाली, "ठीक है, मैं तुम्हारा दूध पिऊँगी. पर मेरे सामने बंसी मेरी कटोरी खाएगा. और उसके बाद दोपहर तक उसे दूध नहीं."

मसूर, पालक, वरून लिंबू पिळलेलं. रामरतीनं बराच विचार केला. मरणाऱ्या बाईला दूध नाकारू देणं तिला जास्त मोठं पाप वाटलं असावं.

हे मला बाबांच्या फोनवरून कळत होतं. उन्हाळ्यात मी पुण्याहून आले, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. मी शिरा केला, पेज केली, मुगाचं कढण केलं. चमचा तोंडाशी नेला की आई मान फिरवायची. "नको गं अनघा, जात नाही." आणि सकाळी हीच आई पायरीवर बसून, नाक दाबून, पेला रिकामा करायची. पलीकडे पोर एक-एक घास गिळायचं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींवर पहारा केल्यासारख्या बघत राहायच्या. मग आई आत येऊन मोरीत ओकायची. मी तिची पाठ चोळत असायचे.

"तिनं ते मोरीतच ओतायचं होतं ना, बाबा," मी एकदा म्हणाले.

"सांगितलं की मी. म्हणाली, मग रामरतीही वाटी गव्हाणीत ओतेल."

आता रामरती फाटकाशी उभी होती. तिनं बंसीला खाली ठेवलं. तो भिंत न धरता चालत पायरीपर्यंत आला. मी वाकून त्याची पापणी खाली ओढली, आई ओढायची तशी. आत गुलाबी होतं.

"रंग उतर गया बेचारे का," रामरती म्हणाली. "कैसा गोरा था. ज़बान दी थी, सो खिलाती रही. अब पीने वाला नहीं, तो..."

तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. सुटकाही होती, दुःखही होतं. आईसाठी ती खरंच रडली होती.

"बाबा," मी म्हणाले.

"मी नाही." वर्तमानपत्र हललं नाही. "शेवटी शेवटी तिच्या पोटात पेलाभर जागा उरली होती. तीही या बाईनं भरली."

मी पेला घेतला. साईसकट, कोमट, गोठ्याच्या वासाचं ते दूध मी उभ्यानं प्यायले. मग आत जाऊन रात्रीची मसूर गरम केली, पालक नव्हता म्हणून लिंबू जास्त पिळलं. बंसीनं वाटी संपवली आणि आणखी मागितलं.

"और कल?" जाताना रामरतीनं विचारलं.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. मी रिकामा पेला तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर आले तर पेला बाबांच्या हातात होता. शत्रूकडे पाहावं तसे ते त्याच्याकडे पाहत होते. पायरीवर पालक घातलेल्या डाळीची वाटी होती. बाबांनीच केली असावी. पालक धड चिरलेलाही नव्हता.

"खा, मेल्या," ते बंसीला मराठीत म्हणाले. "आधी तू."

बंसीनं तोंड उघडलं. बाबांनी डोळे मिटून पेला तोंडाला लावला आणि संपवला. रामरतीनं रिकामा पेला उलटा करून बघितला, पदरानं पुसला आणि पोराला घेऊन निघून गेली.

दुपारी मी बाबांचं पान वाढलं. आईच्या हातची असायची तशी आमटी करायचा प्रयत्न केला होता, मऊ भात होता.

"दोन घास खा, बाबा. परत मी कधी येईन कोण जाणे."

"नको गं," ते म्हणाले. "जात नाही."