भट्टीचे अकरा मालक

बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पिठाच्या पोत्यांवरसुद्धा माणसं चढली होती. भट्टीसमोर मांत्रिक बाबानं डोळे मिटले, हात उगारला आणि गरजला, "जागी हो! दाखव तुझा कोप!"

भिंतीवरच्या पडद्यावर भट्टीचं तापमान दोनशे वीस होतं. ते दोनशे तीस झालं. मग चाळीस, पन्नास. भट्टीला कुणी बोटही लावलं नव्हतं. गर्दीनं भराभर हात जोडले. बाबाला घेऊन आलेला, मोठ्या सुनेचा धाकटा दीर तर हातातल्या फोनवर मान घालून, अगदी भक्तिभावानं उभा होता.

"ही मोठी सून पांढऱ्या पायाची!" बाबा म्हणाला. "नवरा गिळला, आता भट्टी गिळतेय. ही या छपराखाली आहे तोवर तुमचा पाव करपणारच."

पिठानं भरलेले हात तसेच ठेवून सून ऐकत होती. नवऱ्यामागं भट्टी तिनंच सांभाळली होती, आणि महिनाभर पाव जळत होता हेही खरं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या भामट्याला कणकेसारखा तिंबावा, असं तिला वाटलं.

गर्दी पांगल्यावर सासू हळूच म्हणाली, "उद्या माहेरी जा, पोरी. माझा इलाज नाही."

"जाते. पण आई, देवाचा कोप दहा-दहानंच कसा हो चढतो?"

सासूनं फोन काढून ॲप उघडलं. भट्टी फोनवरच्या ॲपवरून चालायची, आणि तिथलं बटण दाबलं की तापमान बरोबर दहानं वाढायचं. घरातली अकराच्या अकरा माणसं ॲडमिन होती. ही गर्दी कमी करू, असं नवरा एकदा म्हणाला होता, तेव्हा दिरानं घर डोक्यावर घेतलं होतं, "मी काय परका आहे?" मग कुणाचं मन कशाला मोडा, म्हणून सगळेच राहिले.

"सगळ्यांना काढा. मलासुद्धा," सून म्हणाली. "एकट्या तुम्ही राहा, आणि कुणाला सांगू नका. उद्या बाबाला परत बोलवा. भट्टी चढली तर मी त्याच पावली निघते."

दुसऱ्या दिवशी बाबा गरजला, "जागी हो!"

दोनशे वीस.

"अगं, जागी हो!"

दोनशे वीस. बाबाला घाम फुटला. "इथं कुणीतरी अविश्वासू आहे!"

"मी आहे की. कालही होते," सून म्हणाली. "काल कशी चालले तुमच्या देवाला?"

भिंतीशी दीर फोनवर अंगठा आपटत होता.

"दाबा की भावोजी, भट्टी चढत नाही का?"

"माझं नाव कुणी काढलं?" तो ओरडला, आणि मग जीभ चावली.

सासूनं फोन हिसकावून मोठ्यानं वाचलं, "तापमान बदलण्याची परवानगी नाही." मग ती त्याच्याकडे वळली. "भावाची बायको हाकलून बेकरी हवी होती होय रे, मेल्या?"

बाबा दाराकडे सटकला, पण काल हात जोडणाऱ्यांनीच त्याची गचांडी धरली.

"त्याला काय धरता?" सून कडाडली. "महिनाभर पाव जळला. या भट्टीचं तापमान कोण कोण बदलू शकतं, एवढं तरी विचारलंत का कुणी? आधी ते विचारायचं. उत्तर नाहीच सापडलं, तर मग खुशाल भूत शोधा."

सासूनं तिचा हात धरला. "पोरी, आता आपण दोघीच ॲडमिन. जाणार नाहीस ना?"

"राहते. पण काल तुम्ही मला जा म्हणालात, ते मी विसरणार नाही, आई," ती म्हणाली, आणि पाव काढायला वळली.