सळईबाबाची सळई

महागावच्या बाजारातल्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. सळईबाबांनी पितळी सळईचं एक टोक दातांत धरलं, दुसरं गझालाच्या कानामागे टेकवलं आणि ‘हूंऽऽऽ’ असा हुंकार दिला. गझाला दचकली.

“आलं! ऐकू आलं!” ती ओरडली.

मांडव टाळ्यांनी दणाणला. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, पण क्षणभर मीही चाट पडलो. माझी ही शेजारीण शिवणकाम करते. लहानपणापासून तिचे दोन्ही कान वाहतात. ओठ वाचूनच ती गिऱ्हाइकांशी बोलते.

सळई बाजूला होताच तिला पुन्हा काही ऐकू येईना. बाबांकडे उत्तर तयार होतं. “आधी श्रद्धेचे कान उघड, बेटी, चामड्याचे आपोआप उघडतील! अकरा मंगळवार हे मंतरलेलं तेल कानात घाल. डॉक्टरची औषधं बंद!”

आम्ही तिच्या घरी येताच तिने तेलाची बाटली उघडली. तिचा नवरा जमीर मेकॅनिक आहे. तो मात्र कपाळाला आठ्या घालून बसला होता.

“मास्तर, त्यानं सळई दातात काहून धरली? इंजिनातलं बेअरिंग वाजते का, हे पाहाले आमी पेचकसाचं एक टोक इंजिनाले लावतो, दुसरं कानामागच्या हाडाले. आवाज लोखंडातून येते!”

त्याने लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, धुतला, दातांत धरला, गझालाच्या कानामागे लावला आणि हुंकार दिला. गझाला आधी खुदकन हसली, मग संतापली आणि तेलाची बाटली न वापरताच बाजूला सारली.

“मले येडी समजते का तो? उद्या सगळ्यायसमोर करू!”

दुसऱ्या दिवशी मांडवात तिने स्वतःच डोळ्यांवर ओढणी बांधली. ऐकू आलं की हात वर करायचा, असं ठरलं. बाबांनी सळईतून हुंकार दिला, हात वर गेला. जमीरने पेचकसातून दिला, तेव्हाही गेला. मग जमीर म्हणाला, “बाबा, आता सळई कानामागंच राहू द्या, पण दातात नाई, हातात धरा अन् मंत्र म्हणा.”

बाबांनी मंत्र म्हटला. हात खालीच राहिला.

“बाबा, मंत्र पंक्चर झाला काय?” कुणीतरी विचारलं. मांडव हास्यात बुडाला. संध्याकाळपर्यंत बाबांनी गाव सोडलं होतं.

मग यवतमाळला कानांच्या तज्ज्ञ डॉ. केतकींनी तिचे कान तपासले आणि आम्हाला समजावलं, “हिच्या पडद्याचा आणि मधल्या कानाचा रस्ता बिघडलाय, पण आतला कान शाबूत आहे. कवटीचं हाड हललं की आवाज थेट तिथे पोचतो. बाबाने तेच केलं. तेल घातलं असतं तर पू आणखी आत गेला असता.”

आधी कान कोरडे केले. हाडातून आवाज पोचवणारं यंत्र डोक्याला पट्ट्याने बांधून पाहिलं. मग कानामागच्या हाडात छोटा स्क्रू बसवला आणि काही महिन्यांनी त्यावर यंत्र लावलं.

वर्षभराने डॉक्टरांनी विचारलं, “यंत्राला दहापैकी किती गुण देशील?”

“नऊ,” गझाला म्हणाली. “स्क्रूभोवतीची कातडी रोज पुसा लागते, अन् बाजाराच्या गलक्यात अजून गोंधळतो जीव. पण गिऱ्हाईक पाठीमागून बोललं, तरी कळते मले!”

मित्रहो, जे खरं असतं ते डोळे बांधून तपासलं तरी खरंच ठरतं आणि कुणाच्याही हातून घडतं. म्हणून विचारा, करून पाहा. आणि कान वाहत असेल, तर मंतरलेलं तेल फेकून सरळ डॉक्टरकडे जा.