नाव न विचारायचं औषध

शेजारचा मष्णू निपाणीच्या वखारीच्या दारात येऊन उभा राहिला आणि आत आला नाही, तेव्हाच बाळगोंडा हातातलं काम टाकून उठला. मष्णू कुणाच्या दारात थांबणारा माणूस नव्हता. आत घुसायचा, तंबाखू भरलेल्या बोदावर बूड टेकायचा आणि मग बोलायला लागायचा. आज तो उंबऱ्याबाहेर उभा होता आणि त्याच्या पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती.

"काय रं?" बाळगोंडानं विचारलं.

"घरला चल, आप्पा."

"कोण?"

मष्णूनं मुंडासं काढून हातात घेतलं. "वैनी. काल सांजच्याला."

ते मानमोडीच्या तापाच्या साथीचं साल होतं. गावात रोज दोन-तीन जात होती आणि कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. बाळगोंडा परवा सकाळी निपाणीला निघाला तेव्हा त्याची बायको अक्काताई धडधाकट होती. तो गाडीनं घरी पोचला तेव्हा तिची राख निवत आली होती. तोंड बघायला मिळालं नाही. तिनं निघताना काखेत लावून दिलेला लेप मात्र अजून चिकटून होता. चौथ्या दिवशी विहिरीवर अंघोळ करताना त्यानं तो नखानं खरवडून काढला आणि पाण्याबरोबर जाऊ दिला.

बाळगोंडाला पंचविशीपासून काखमांजरीचं दुखणं होतं. काखेत पावट्याएवढी गाठ उठायची, चार दिवसांत लिंबाएवढी व्हायची आणि मग असा ठणका लागायचा की हात खाली घेता यायचा नाही. कोपर बाहेर काढून, पंख मोडलेल्या कोंबडीसारखा तो ओसरीवर बसून राहायचा. एक फुटून बरी झाली की महिन्या-दोन महिन्यांनी शेजारी दुसरी. कधी जांघेतही. सदरा अंगाला चिकटायचा आणि चारचौघांत बसायची लाज वाटायची. एकदा बेळगावला जाऊन चिरूनही घेतलं. ती जखम भरली, पण सहा महिन्यांनी तिच्या बाजूलाच नवीन गाठ आली.

मग अक्काताईनं कुठून तरी औषध आणलं. गोठ्यात पाठमोरी बसून ती काहीतरी कालवायची, एरंडाच्या पानावर घेऊन यायची आणि म्हणायची, "हात वर करा." लेप लावला की गाठ लवकर पिकायची, फुटायची, घाण निघून जायची. दुखणं कायमचं गेलं नाही, पण पंधरा दिवसांचा जाच पाच दिवसांवर आला.

"हे हाय तरी काय?" त्यानं पहिल्यांदाच विचारलं होतं.

"नाव इचारायचं न्हाय. नाव घेतलं की गुण जातो."

औषधं अशी असतात हे त्याला माहीत होतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. लेप लावला की दुसऱ्या दिवशी अक्काताई उपास करायची, अगदी कडक. तेही औषधाचंच पथ्य असेल असं तो समजायचा. नवऱ्यासाठी बायको उपाशी राहते याचं त्याला मनातून थोडं बरंही वाटायचं. अशी अठरा वर्षं गेली.

मूलबाळ नव्हतं. तव्याजवळ बसायला त्याची थोरली बहीण धोंडूबाई येऊन राहिली. धोंडूबाईची नजर घारीची होती. आठ दिवसांत तिनं घराचा कोपरा न कोपरा हुडकला, आणि एक दिवस पितळेची छोटी डबी बाळगोंडाच्या पुढ्यात ठेवली.

"ही कुणाची रं?"

त्यानं उघडून बघितली. आत चुना होता, बोटानं ओरखडून घेतल्याच्या खुणा असलेला.

"तू पान खात न्हाईस. तिचं दात तर मोत्यागत पांढरं. मग ह्या घरात चुना कोण खात हुतं?"

"मला काय ठावं?"

"व्हय, तुला कशाला ठावं असंल! आनि शेवटाला ती कुणापाशी हुती, ते तरी ठावं हाय का? त्या मष्णूच्या बायकूपाशी. मालुबाईनं पेज पाजली. पेज प्याली आनि सांजच्याला गेली. जाताना तिच्या कानात कायतरी बोलली म्हणं. आपल्या मानसाला न्हाय, परक्या बाईच्या कानात!"

मालुबाई म्हणजे मागच्या घरातली शेजारीण. मष्णूचं आणि बाळगोंडाचं शेत बांधाला बांध लागून होतं, गोठ्याची भिंत एक होती. मालुबाईचं माहेर जांबोटीकडचं, रानातलं. दर उन्हाळ्यात ती माहेराहून परत आली की आधी अक्काताईकडे यायची, पदराखाली काहीतरी झाकून. बाळगोंडानं हे अठरा वर्षं बघितलं होतं आणि त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. आता प्रत्येक खेपेचा पदर त्याच्या डोळ्यांपुढे यायला लागला.

तो मालुबाईला विहिरीवर गाठून म्हणाला, "शेवटाला काय बोलली ती?"

मालुबाईनं घागर उचलली. "काय न्हाय, अण्णा."

"कानात बोलली म्हणत्यात."

"तापात मानूस काय बी बोलतंय." आणि ती निघून गेली, मागं न बघता.

मागं न बघता गेली, हे त्याच्या मनात रुतलं.

पौषात, तंबाखूची पानं काढायच्या ऐन दिवसांत, उजव्या काखेत गाठ आली. या खेपेला लेप नव्हता. धोंडूबाईनं कडुनिंबाचा पाला बांधला, जवसाचं पोटीस केलं, मीठ टाकून शेकलं. गाठ दगडासारखी तशीच. ना पिकते, ना बसते. माणसं शेतात राबत होती आणि मालक ओसरीवर कोपर काढून बसला होता.

एका सकाळी मष्णू पानावर काहीतरी घेऊन आला. पिवळसर, ओलं.

"हे लाव, आप्पा."

"काय हाय?"

मष्णू चाचरला. "नाव इचारायचं न्हाय."

बाळगोंडाच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. तेच शब्द. म्हणजे औषध यांच्या घरात होतं. अक्काताईनं जाताना यांना दिलं आणि अठरा वर्षं तिचा हात ज्यानं काखेत घेतला त्या नवऱ्याला दिलं नाही. की यांनीच तिच्याकडून काढून घेतलं? आणि काढून घेतल्यावर पेज पाजली?

"घिऊन जा माघारी," तो म्हणाला.

"आरं, ठणकत असंल न्हवं?"

"ठणकू दे. तुमच्या घरची पेज पिऊन माझी बायकू गेली. आता मला काय लावतोस?"

मष्णूचं तोंड उतरलं. पान तसंच हातात धरून तो गेला. तरी दोन दिवसांनी परत आला. बाळगोंडानं दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा मष्णूनं पान उंबऱ्यावर ठेवलं, तेव्हा धोंडूबाईनं काठीनं उकिरड्यावर ढकललं.

"कोंबड्यास्नी बी खाऊ दिऊ नगंस," ती म्हणाली.

मग एका दुपारी बाळगोंडाला मुंग्या दिसल्या. करायला काही नसलं की माणूस मुंग्या बघतो. अंगणातून एक रांग गोठ्यात शिरत होती, भिंतीवर चढत होती आणि ताक घुसळायच्या रवीमागच्या कोनाड्यात जात होती. त्या कोनाड्यात अक्काताई शेण्यांची चळत लावायची. त्यानं डाव्या हातानं एकेक शेणी बाजूला केली. मागं मातीचं बुडकुलं होतं. तोंडावर फडकं बांधलेलं, फडक्याचा एक कोपरा उंदरानं कुरतडलेला.

त्यानं फडकं सोडलं आणि नाक जवळ नेलं.

मध होता.

बाळगोंडानं लग्नाआधीच गावच्या जैन बस्तीत देवापुढं मद्य, मांस आणि मध सोडल्याचा नेम घेतला होता. मध म्हणजे हजारो जिवांची हिंसा, असं उपाध्ये दर पर्युषणात सांगत. त्याच्या घरात पाणी गाळून घेत, दिवस मावळायच्या आत जेवत. त्या घराच्या गोठ्यात मध! हे मालुबाईचंच काम, त्याला पहिल्यांदा वाटलं. घर बाटवायला ठेवलंय. पण बुडकुलं नाकाजवळून हलेना. हा वास त्याच्या ओळखीचा होता. त्यात हळद मिसळली, चुन्याचा उग्रपणा मिसळला की हाच वास. अठरा वर्षं तो सदऱ्याच्या आत घेऊन हिंडला होता.

चुन्याची डबी त्याला आठवली. त्यानं ती कनवटीला लावली, बुडकुलं डाव्या हातात धरलं आणि तो थेट मालुबाईच्या दारात गेला. ती जोंधळे पाखडत होती.

"हे कुनी ठेवलं माझ्या गोठ्यात?"

मालुबाईनं बुडकुल्याकडे बघितलं. सूप खाली ठेवलं.

"तुमच्या बायकूनं."

"खोटं बोलू नगंस."

"मी कशाला खोटं बोलू? माझ्या माहेरचा मध हाय. दर साली मीच आणून दिला. घरात शिरू द्यायचा न्हाय म्हणून गोठ्यात ठिवायची. गोठा काय त्यांचा न्हवं, म्हशीचा हाय, म्हणायची आनि हसायची." मालुबाई स्वतः हसली नाही. "मध, चुना आनि हळद. आमच्या जांबोटीत शेंबडं पोर बी सांगंल. औषधाला नाव न्हवतं असं न्हाय, अण्णा. तुमच्या म्होरं घ्यायसारखं न्हवतं."

बाळगोंडा उंबऱ्यावर बसला. काख ठणकत होती.

"आनि उपास?"

"तुमास्नी काय वाटलं, तुमच्या गळवासाठी? तुमचा नेम मोडला त्याचा उपास. तुमच्या अंगाला लावला म्हणून पाप तुमास्नी लागू नये. दर लेपाला एक."

आत मष्णू होता, तो बाहेर येऊन दाराशी उभा राहिला.

"पेज कसली हुती?" बाळगोंडानं विचारलं.

"तांदळाची. पाणी तुमच्याच गाळण्यातनं गाळलं. तुमी निपाणीला गेला त्या रोजी तिनं लेप लावला हुता. दुपारी ताप भरला. दुसऱ्या दिवशी फणफणली, तरी म्हणती, आज उपास हाय माझा. मी म्हटलं, मरतीस का? जबरीनं दोन घोट घातलं." मालुबाईनं पदर तोंडाला लावला. "मग सांजच्याला माझा हात धरून कानात म्हणाली, उपास राहिला गं. त्यास्नी सांगू नगंस, पन लेप थांबवू नगंस. येवढंच. तुमच्या काखंत मी कसा हात घालू? म्हणून ह्यास्नी धाडलं. तर तुमी त्यास्नी काय बोलला!"

बाळगोंडा कसाबसा म्हणाला, "चुकलं माझं."

"माझ्याकडं बघून म्हना."

त्यानं मान वर केली आणि पुन्हा म्हटलं.

तो बुडकुलं घेऊन घरी गेला. त्या दिवशी काही लावलं नाही. नेम त्याचा होता आणि आता माहीत नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती. दोन दिवस त्यानं काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला पाण्याचा तांब्याही उचलेना. तो उठून मष्णूच्या गोठ्यात गेला आणि डबी आणि बुडकुलं त्याच्यापुढे ठेवलं.

"लाव."

मष्णूनं बोटं धुतली. "हात वर कर. फौजदार आल्यागत. आनि वरडू नगंस, म्हस बुजंल."

"तुझं तोंड बघून बुजली न्हाय, ती आता काय बुजतीया?"

तीन महिन्यांत दोघं पहिल्यांदा हसले. लेप भाजल्यासारखा लागला. चौथ्या दिवशी गाठ फुटली, वाटीभर घाण गेली आणि बाळगोंडानं हात खाली घेतला.

लेपाच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं ताटाला हात लावला नव्हता.

"आज कुठली तिथी रं?" धोंडूबाईनं विचारलं होतं.

"तिथी न्हाय. माझा नेम हाय."

"आनि ती डबी? घावलं का, कोण चुना खात हुतं?"

"मी," तो म्हणाला. धोंडूबाई डोळे बारीक करून बघत राहिली.

त्याला आता दोन वर्षं झाली. दुखणं गेलेलं नाही. या दोन वर्षांत त्यानं नऊ लेप लावून घेतले आणि नऊ उपास केले. ते त्याचे स्वतःचे. अक्काताईच्या त्या शेवटच्या लेपाचा उपास नवऱ्यानं केला तर तिच्या नावावर पोचतो का, हे उपाध्यांना विचारायला तो दोनदा बस्तीत गेला. विचारायचं तर मधाचं नाव घ्यावं लागतं, आणि अठरा वर्षं तिनं जे झाकलं ते उघडावं लागतं. पहिल्या वेळी तो पावसाबद्दल बोलून परत आला. दुसऱ्या वेळी नुसताच नमस्कार करून.

तो उपास अजून राहिला आहे.