इंजिन तापायच्या आत

दिवा लाल होता. डॅशबोर्डवर, तेलाच्या किटलीचं चित्र असलेला.

मडिवाळप्पांनी मल्लेशला बोलावलं. मल्लेशचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे. तो आला, बॉनेट उघडलं आणि विचारायला लागला.

«काका, दिवा कधी लागतोय?»
सांगितलं: उभ्या गाडीत, जरा जास्त वेळ चालू राहिली की. ॲक्सिलरेटर दाबला की जातो.
खरं: तेच.

«तेल कधी बदललं?»
सांगितलं: दिवाळीला.
खरं: बायको, राजेश्वरी, होती तेव्हा.

«गाडी कुटं जाती का?»
सांगितलं: रोज मंद्रूपला. सिद्धाप्पाकडं. जुना मित्र.
खरं: सिद्धाप्पा मुलाकडे हैदराबादला राहायला गेला. तेव्हापासून गाडी फाटकाबाहेर गेलेली नाही.

मल्लेश वाकला. चाकाकडे बघितलं.

«रोज मंद्रूपला जाता, आन् चाकाला कोळ्याचं जाळं कसं ओ? वाटेत तुटलं न्हाय व्हय?»

मडिवाळप्पांनी चपलेच्या टोकानं जाळं पुसून टाकलं.

(इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. पायल, त्यांची मुलगी, पुण्याला असते. आई गेल्यावर तिनं बजावलं होतं: अप्पा, घरात एकटे कुढत बसलात तर घराला कुलूप लावून तुम्हाला इकडे आणीन. तिचा फोन रोज संध्याकाळी येतो. वाजला की मडिवाळप्पा गाडीत जाऊन बसतात. इंजिन चालू करतात. एक हॉर्न देतात. मग फोन उचलतात: «बाहेर आहे गं, सिद्धाप्पाकडं निघालोय.» बोलणं संपलं की इंजिन बंद.)

मल्लेशनं तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली. तेल खुणेच्या वर.

«कमी न्हाय, जास्तीच हाय की!»

बोटाला लावलं, हुंगलं. मडिवाळप्पांच्या नाकापुढे धरलं. पेट्रोलचा वास.

मग त्यानं तेलाच्या दाबाचा स्विच काढला आणि त्या जागी मीटर लावलं. इंजिन गार होतं तोवर काटा वर. गरम झालं तसा काटा उतरला. उतरला. पार खाली.

«पंप गेला का रे?» मडिवाळप्पांनी विचारलं.

«पंप गेला असता तर गारमदीबी दाब नसता आला. तेल पाण्यावानी झालंय. जुनी कार्बुरेटरची गाडी हाय ही. चालू करायची आन् तापायच्या आत बंद करायची, मग न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतंय. कोण करतंय असलं येड्यासारखं?»

«मीच.»

मल्लेशनं मान वर केली. मग बोल्ट सोडून तेल डब्यात उतरवलं.

«रातभर निथळू द्या. नवं तेल सकाळी आणतो. तवर किल्लीला हात लावायचा न्हाय. न्हायतर खरंच इंजिन जाईल बघा.»

तो गेला.

.

संध्याकाळ. फोन.

मडिवाळप्पा गाडीत बसलेले. दार ओढून घेतलेलं. किल्ली खिशात.

«अप्पा? आज गाडी नाही चालू केली?»

«... म्हणजे?»

«रोज मागून गिरणी ऐकू येते. आपल्या गल्लीतली. मंद्रूपच्या रस्त्यावर कुठली गिरणी?»

«केव्हापासून माहीत आहे तुला?»

«पहिल्यापासून.»

«मग बोलली का नाहीस?»

पलीकडे तिनं कुणाला तरी कुकर बंद करायला सांगितलं. मग:

«वाटायचं, तुम्ही एवढं करताय म्हणजे बरे आहात. मलाही बरं पडायचं ते.»

मडिवाळप्पांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

«आज तेही नाही. रविवारी न्यायला येते,» पायल म्हणाली. «कपडे भरून ठेवा.»

«रविवारी मी मंद्रूपला जाणार आहे.»

«कुणाकडे?»

«कुणाकडे नाही. जाऊन येणार. गाडी तापली पाहिजे.»

«अप्पा...»

«सोमवारी ये,» ते म्हणाले. «मग बघू.»

तिनं फोन ठेवला, की लाइन तुटली, कळलं नाही. बॉनेटखाली तेलाचा थेंब डब्यात पडला. बऱ्याच वेळानं आणखी एक.