चाळीस जणांना एकच ईमेल

वाचकहो, ओळख ना पाळख अशा माणसाकडे मदत मागताना आपण काय लिहितो, ते एकदा तपासून बघा. ज्याची ही गोष्ट आहे तो काही अडाणी नव्हता. कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर कारकून होता, आणि लोकांच्या अर्जांवर 'अपूर्ण' असा शिक्का मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता! काय अपूर्ण आहे, हे मात्र तो कधी सांगायचा नाही. कोणी विचारलंच तर, "वाचता येत नाही का?" म्हणून खेकसायचा.

त्याची थोरली बहीण शिवणकाम करायची. आईवडिलांमागे ताईनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या डाव्या डोळ्याला आतून सूज आली, मग उजव्यालाही. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "असा आजार क्वचितच होतो, माझ्या आवाक्यातला नाही. यातल्या तज्ज्ञांना लिहा आणि लवकर लिहा."

कारकुनाने त्याच दिवशी ईमेल लिहिला. विषय काय, तर 'अत्यंत तातडीचे'. खाली 'आपण देवमाणूस, गरिबांचे कैवारी' अशी दोन पानं स्तुती आणि शेवटी 'आजारी बहिणीसाठी कृपया मदत करावी'. वेळ वाचावा म्हणून पठ्ठ्याने चाळीस डॉक्टरांचे पत्ते एकाच ओळीत टाकले आणि दिला पाठवून!

तीन आठवडे गेले. एकाचंही उत्तर नाही. "माणुसकीच उरली नाही जगात!" अशी त्याची येता-जाता बडबड चालू.

शेवटी ताई वैतागली. डाव्या डोळ्याला आता सुईच काय, हातातला कपडाही दिसत नव्हता. "वाच बघू, काय लिहिलंयस ते."

त्याने वाचलं. ताई मशीनवर हात ठेवून ऐकत होती.

"झालं?"

"झालं."

"अरे, मग यात मी कुठे आहे? माझं वय नाही. डोळ्याचं दुखणं आहे हेसुद्धा नाही. कधीपासून, कुठली औषधं, काही नाही! रिपोर्ट जोडलेस?"

"मागतील तेव्हा पाठवणार होतो..."

"एखादीने माझ्यापुढे कापड टाकलं आणि 'झकास शिवा' म्हणून निघून गेली, तर मी काय शिवू? सदरा की पिशवी? आणि चाळीस जणांना एकदम! प्रत्येकाला वाटलं असणार, दुसरा कोणीतरी बघेल. तुम्ही नाही का माणसाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पळवत?"

कारकुनाने नवा ईमेल उघडला. ताईने सांगितलं, त्याने लिहिलं. एकाच डॉक्टरीणबाईंना, त्यांच्या नावाने. वय, आजार, तारखा, औषधं, जोडलेले रिपोर्ट, फोन नंबर आणि एकच प्रश्न : आपण हिला तपासाल का? नसेल जमत तर कोणाकडे जावं?

सगळं मिळून सात ओळी. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, "उद्याच घेऊन या."

बाईंनी दोन्ही डोळे तपासले. "उजवा वाचवू. डावा मात्र गेला." मग म्हणाल्या, "तुमचा पहिला ईमेलही आला होता मला. चाळीस नावं बघितली, वाटलं कोणीतरी उत्तर दिलं असेल. चुकलंच माझं. तेव्हा आला असतात तर हाही वाचला असता."

कारकून तिथेच ढसाढसा रडला. त्या रडण्याचा डोळ्याला काय उपयोग!

पुढच्या सोमवारी खिडकीवर पहिलाच अर्ज अर्धवट आला. त्याचा हात सवयीने शिक्क्याकडे गेला, पण त्याने तो बाजूला सारला आणि कोणते दोन कागद कमी आहेत, ते स्वच्छ अक्षरात लिहून दिलं.

मंडळी, अनोळखी माणसाला आपलं मन वाचता येत नाही. कोण आहात, काय झालंय, नेमकं काय हवंय, तेवढं नीट सांगा आणि एकालाच सांगा. आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर दुसरा बघेल म्हणून गप्प बसू नका.

संध्याकाळी त्याने खिडकीवरची हकीकत ताईला सांगितली. ती उजव्या डोळ्याजवळ सुई धरून दोरा ओवत होती. तिसऱ्यांदा चुकला.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "असं नीट एक महिना आधी लिहायचं होतंस."

त्याने तिच्या हातातून सुई घेतली आणि दोरा ओवून दिला. आता रोज तोच ओवून देतो.