मिस्त्रीचा फेटा

"छज्जा चार बोटं कमी काढलाय मिस्त्रीनं," रायगोंडा पुटपुटला. "पाणी आत येणार."

गुणमालानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवऱ्याला सलत होतं ते छज्ज्यात नव्हतं, समोर पाटावर बसलं होतं. पलूसच्या नाथाजींच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि नाथाजी आकाराम मिस्त्रीला फेटा बांधत होते. मग सुताराला टोपी-उपरणं झालं. पण घर ज्यानं कागदावर काढलं, त्या आर्किटेक्टला, म्हणजे रायगोंडाला, काय द्यायचं हे कुठल्या पोथीत नव्हतं. म्हणून त्याला जेवायला बोलावलं होतं.

सांगलीत विश्रामबागेतल्या त्याच्या ऑफिसात दोन वर्षं नवं काम आलं नव्हतं. साताऱ्याच्या सरकारी कचेरीतून दुसऱ्यांचे नकाशे गिरवायच्या नोकरीचं पत्र मात्र आलं होतं. सोमवारी हजर व्हायचं.

"चार लोकांना सांगा तरी," गुणमाला म्हणून थकली होती.

"आमच्या पेशात जाहिरात बसत नाही. डॉक्टर दारोदार फिरतो का?"

"डॉक्टरकडं माणूस तापानं फणफणत येतो. नकाशासाठी कोण फणफणतंय?"

आज तिनं त्याला ओढूनच आणलं होतं, कारण विट्याचे जोतीराम येणार होते. त्यांचं मद्रासला सोनं गाळायचं दुकान. आता गावी घर बांधायचं मनात होतं.

जेवणं उरकली. जोतीराम जिन्यापाशी थांबून वर बघत राहिले. "लय झ्याक उजेड पडतोय रं नाथाजी! कुणाची अक्कल?"

नाथाजींनी रायगोंडाकडं पाहिलं आणि नजर पानसुपारीच्या तबकाकडं वळवली. कागदावरच्या रेघांना पैसे मोजले म्हटलं तर भावकी हसली असती. रायगोंडानं घसा साफ केला.

"मिस्त्रीचं काम चोख आहे," तो म्हणाला.

आकाराम फेट्याखाली घामाघूम झाला. "आवं सायेब, म्या आपला सांगितल्यावानी..."

"असू दे, असू दे," रायगोंडानं त्याला थांबवलं.

"मग ठरलं की!" जोतीरामांनी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. "दिवाळी झाली की विट्याला या. जागा दावतो." मग त्यांचं लक्ष रायगोंडाकडं गेलं. "आन् तुमी कुठलं म्हणायचं, पाव्हणं?"

"सांगलीचा."

"व्हय व्हय. जेवलासा न्हवं पोटभर?"

"हो. उत्तम झालं जेवण."

एवढं बोलून रायगोंडा चपला शोधायला वाकला. इतका शिकलेला माणूस, आणि पाठ अशी वाकवली होती की जणू चोरीच केली होती. आकाराम जमिनीकडं बघत होता, नाथाजी सुपारी कातरत होते.

गुणमाला पदर सारखा करून दोन पावलं पुढं आली. पुरुषांत बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

"दादा, हा उजेड यांनी काढलाय," ती म्हणाली. "यांना दोन वर्षं काम नाही. आम्ही जेवायला आलो नव्हतो. काम मागायला आलो होतो."