उसनी हवा

“ज्याला स्वतःचा तंबू ठोकता येतो, त्याला जगात कुणाचीही गरज नाही!” रोडोपीच्या डोंगरातल्या कुरणावर उभं राहून स्तामेनने जाहीर केलं. जगाने हे निमूट ऐकून घेतलं. तंबूला मात्र पटलं नाही. तो स्तामेनच्या अंगावर बसला.

वेल्को आणि मिन्काने त्याला बाहेर काढलं. वेल्कोने पाय धरून, मिन्काने सल्ले देऊन.

दर उन्हाळ्यात मेळ्याला हे तिघे याच डेरेदार झाडाखाली उतरत. स्तामेन गायदा वाजवायचा, मिन्का गायची आणि वेल्को बोलायचा. तो माजी सरपंच होता. “वेल्कोत नुसती हवा भरलीय,” असं स्तामेन गावभर सांगायचा.

यंदा मात्र स्तामेन म्हणाला, “मी आपला नुसता ऐकणार.” हिवाळ्यात त्याचं एक फुप्फुस काढलं होतं. तेव्हापासून वाद्याला हात लावायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

“ऐकायला आलास? मग हे काय?” मिन्काने घोंगडीतून गायदा ओढला. अख्ख्या बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, तिला एक फुंकणी आणि सुराच्या नळ्या. “कानात घालतोस की काय हे?”

“घरी एकटा कंटाळला असता गं.”

शेवटी त्याने तो काखेत घेतलाच. फुंकला. कातडं अर्धं फुगलं, खोकला मात्र पुरता आला. पुन्हा तेच. शेजारच्या तंबूवाल्यांनी नाचायला हात गुंफले होते, ते त्यांनी सभ्यपणे सोडवून खिशात घातले. स्तामेन मान खाली घालून कातडं थोपटत राहिला. बोटं अजून पहिल्यासारखीच चालत होती, हेच वाईट होतं.

वेल्कोने काकडी-दह्याच्या तरातोरचा वाडगा खाली ठेवला, मिशा पुसल्या. “सरक.”

“तुला एक सूर येत नाही, म्हाताऱ्या!”

“सूर तुझे तू बघ. हवेचं खातं माझ्याकडे. जन्मभर माझी जाहिरात केलीस, आता माल तरी घे!”

तो गुडघे टेकून स्तामेनच्या गालाला गाल लावून बसला, फुंकणी तोंडात धरली आणि सरपंचकीत न वापरलेली सगळी हवा आत सोडली. स्तामेनने कोपराने पिशवी दाबली. खालून खर्ज घुमला, वर बोटं धावली. मिन्काचा आवाज दरीपार गेला आणि खिशातले हात बाहेर येऊन फेर धरू लागले. गाणं संपेपर्यंत वेल्को एक शब्द बोलला नाही. गावाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

नाच थांबला. स्तामेनचे डोळे भरून आले होते. त्याने वेल्कोचा हात घट्ट धरला. मिन्काने आधीच रुमाल काढून ठेवला.

“वेल्को, उद्याही फुंकशील?”

“शेवटच्या श्वासापर्यंत!” वेल्कोला गहिवरून आलं.

“देव तुझं भलं करो. फक्त एक कर रे बाबा,” स्तामेन म्हणाला, “उद्या तरातोरमध्ये लसूण जरा कमी घाल.”